खेळात मांजर नाही

बसच्या पाट्या रंगवण्यात तिची एकतीस वर्षं गेली. डेपोत तिला सगळे पाटीबाईच म्हणायचे, अगदी साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत. बाई नाकावर माशी बसू द्यायची नाही. कुणी म्हणालं की अक्षरं काय, कुणीही काढेल, की ती त्याच्या हातात ब्रश द्यायची आणि समोर उभी राहायची. लगेच त्याला दुसरं काहीतरी महत्त्वाचं काम आठवायचं.

पाटी रंगवून झाली की ती शेडच्या दाराशी टेकवायची आणि स्वतः मैदान ओलांडून पार पलीकडच्या भिंतीपाशी जायची. तिथे पाठ करून उभी राहायची, गर्रकन वळायची, एकच नजर टाकायची आणि पुन्हा पाठ फिरवायची. त्या एका नजरेत पाटी कळली तर ठीक, नाही तर खरवडून पुन्हा. लोक हसायचे. हसेनात का. बस पकडायला धावणारा माणूस पाटी वाचत बसत नाही, त्याला ती धावता धावता कळावी लागते. एवढं साधं गणित हसणाऱ्यांच्या डोक्यात शिरत नव्हतं, त्याला ती तरी काय करणार?

पुढे बसवर दिव्यांची अक्षरं आली, आपोआप बदलणारी, आणि पाटीबाई घरी बसली. घरी बसली म्हणजे गप्प थोडीच बसली! लेकीच्या कामात नाक खुपसायला लागली.

लेक गेम बनवायची. एकटीच, आतल्या खोलीत, खिडकीला लावलेल्या टेबलावर. नोकरी सोडून अडीच वर्षं ती एकाच गेमच्या मागे होती. गेम साधा होता. डेपोत असते तशी हरवलेल्या वस्तूंची खोली, फळ्यांवर छत्र्या, डबे, चष्मे, एकेकटे हातमोजे. खिडकीशी कुणीतरी येतं, आपली वस्तू कशी होती ते आठवून सांगतं, आणि आपण ती शोधून द्यायची. ना मारामारी, ना घड्याळाची घाई. शाळा सुटल्यावर आईचं काम संपेपर्यंत लेक अशाच एका खोलीत बसायची, तिथूनच हे सगळं आलं होतं. गेमचं नाव तिने ठेवलं होतं ‘हे कुणाचं?’

आता तो ऑनलाइन दुकानात मांडायचा होता. तिथे माणसाला आधी गेम दिसत नाही, त्याचं चित्र दिसतं, टपाल तिकिटाएवढं, शेकडो चित्रांच्या गर्दीत. बोटाने पान सरकवणारा माणूस त्या तिकिटापाशी थांबला तर थांबला, नाही तर अडीच वर्षं पाण्यात. एक कंपनी नवनव्या गेमचं आठवडाभराचं प्रदर्शन त्याच दुकानात भरवणार होती आणि लेकीचा गेम पहिल्या ओळीत घ्यायला तयार होती. चित्र शुक्रवारी दुपारी बाराच्या आत हवं होतं.

चित्र मी काढणार, असं पाटीबाईने जाहीर करून टाकलं. तिला कुणी विचारलं नव्हतं.

तीन दिवस खपून तिने पत्र्याच्या जुन्या पाटीवर ती अख्खी खोली रंगवली. चाळीस वस्तू, प्रत्येकीला चिठ्ठी, प्रत्येक चिठ्ठीवर नंबर. लेकीने फोटो काढला, फोनवर तिकिटाएवढा केला, फोन खोलीच्या दुसऱ्या टोकाला फळीवर ठेवला आणि आईला पाठ करून उभं केलं. पाटीबाई गर्रकन वळली. तिला नुसता रंगांचा चिखल दिसला. ज्या चुकीसाठी डेपोतल्या पोरांना आयुष्यभर झापलं तीच आपण केली, म्हणून ती स्वतःवर इतकी भडकली की जेवण अर्धवट टाकून पुन्हा पत्र्याशी जाऊन बसली. मग तिने एकोणचाळीस वस्तू उडवल्या. उरली एक लाल छत्री, गर्द हिरव्या भिंतीवर खुंटीला टांगलेली, दांड्याला नंबराची चिठ्ठी. वर गेमचं नाव, बसच्या पाटीच्या ठसठशीत अक्षरांत. या वेळी वळल्यावर तिने पुन्हा पाठ फिरवली आणि ब्रश धुवायला निघून गेली.

गुरुवारी सकाळी चित्र कंपनीकडे गेलं आणि तासाभरात कंपनीचा माणूस व्हिडिओ कॉलवर हजर झाला. तरुण, गोड बोलणारा. छत्री छान आहे म्हणाला, आणि लगेच स्वतःकडचं चित्र लेकीच्या फोनवर पाठवलं. मोठ्या डोळ्यांची पोरगी, तिच्या मांडीवर गुबगुबीत मांजर, मागे सोनेरी उजेड. पाटीबाईने तेही फळीवर ठेवून पाहिलं. मांजर पहिल्या नजरेत दिसत होतं, हे तिला नाकारता येईना. मांजर असलं की लोक थांबतात, आपल्याकडे आकडे आहेत, असं तो सांगत होता. मांजर घेतलं तरच पहिली ओळ, हेही त्याने हसत हसत सांगून टाकलं.

लेक हो म्हणणार हे तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं. पाटीबाईने खुर्ची ओढली.

“गेममध्ये मांजर आहे का?”

“नाही काकू, पण चित्राला तेवढी सूट असते.”

“मग मांजरासाठी आत आलेल्या माणसाने काय करायचं? त्याला परत कोण नेऊन सोडणार, तुम्ही?”

त्याने ते हसण्यावारी नेलं आणि उद्या बाराच्या आत कळवा, असं लेकीला सांगून गेला. आता लेकीचा बांध फुटला. पाट्या रंगवून आयुष्य काढलेल्या बाईला या बाजारातलं काय कळतं, असंही ती बोलून गेली. मग जरा शांत होऊन म्हणाली की गेममध्येच एक मांजर घालते, दोन दिवसांचं काम आहे. ते कुणाचं हरवलंय, असं आईने विचारलं.

तेव्हा पाटीबाईने तिला एक गोष्ट सांगितली. ती तिने आजवर कुणालाच सांगितली नव्हती. नोकरीला पाच वर्षं झाली असताना फोरमनने एका पाटीवर मोठ्या इस्पितळाचं नाव घालायला लावलं. बस इस्पितळाच्या कितीतरी अलीकडे संपायची, पण नावामुळे गाडी भरते, असं त्याचं म्हणणं होतं. तिने मूग गिळून ते रंगवलं, आणि सुरेख रंगवलं. आठवड्याने ती शेवटच्या थांब्यावर खांब रंगवत होती, तर एक म्हातारा बायकोला धरून उतरला. बायकोच्या पायाला प्लास्टर. इस्पितळ कुठंय, असं त्याने तिलाच विचारलं. ती ब्रश टाकून त्यांच्याबरोबर गेली, दर वीस पावलांवर थांबत, भर उन्हात. वाटभर म्हातारा ड्रायव्हरच्या नावाने शिव्या घालत होता. पाटी मी रंगवली, हे सांगायची तिची हिंमत झाली नाही. दुसऱ्या दिवशी कुणालाही न विचारता तिने ते नाव काळ्या रंगाने पुसून टाकलं. मेमो मिळाला, आठ दिवस घरी बसवलं. त्याचं तिला काहीच वाटलं नाही. वाटत राहिलं ते ड्रायव्हरच्या नावावर गेलेल्या त्या शिव्यांचं.

लेकीने खुर्ची टेबलाकडे वळवली. मग तिने कंपनीला कळवलं की छत्रीच जाईल. उत्तर दोन ओळींचं आलं. गेम शेवटच्या ओळीत जाईल, आणि तिथलं चित्र नखाएवढं असतं.

लेकीचा चेहरा उतरला. पाटीबाईच्या अंगात मात्र वीस वर्षांपूर्वीचं वारं शिरलं. नखाएवढं तर नखाएवढं. बसची मागची पाटी म्हणजे पुढची पाटी आखडून लहान केलेली नसते, ती नव्याने लिहावी लागते, असं म्हणत तिने दुसरा पत्रा घेतला. खुंटी गेली, चिठ्ठी गेली, भिंतीचा पोत गेला. छत्री एवढी वाढवली की ती कडांना टेकली, आणि अक्षरं दुप्पट जाड केली. शुक्रवारी बाराला दहा मिनिटं असताना लेकीने तिकिटाएवढं आणि नखाएवढं, अशी दोन्ही चित्रं चढवली.

प्रदर्शनात गेमने काही धुमाकूळ घातला नाही. पहिल्या ओळीतल्यांकडे झुंबड उडाली, इकडे माणसं एकेक करून आली. पण आलेली बसली. कंपनीच्या माणसाने तोंड वाकडं करून का होईना, स्वतःहून कळवलं की अख्ख्या प्रदर्शनात, विकत घेऊन परत करणाऱ्यांचं प्रमाण सगळ्यात कमी असलेला गेम हाच. लेकीने तो निरोप आईला दोनदा वाचून दाखवला. गेमच्या पानाखाली तिघाचौघांनी विचारलं होतं, ही अक्षरं कुणी काढली?

लेक म्हणाली, आता चित्रावर तुझं नाव घाल. पाटीबाईने एकाही पाटीवर कधी स्वतःचं नाव घातलं नव्हतं, डेपोत कुणीच घालायचं नाही. तिने सगळ्यात बारीक ब्रश काढला आणि खालच्या कोपऱ्यात नाव लिहिलं, आडनावासकट. लेकीने फोटो तिकिटाएवढा करून पाहिला. नावाचा नुसता ठिपका झाला होता.

“आई, हे कुणाला दिसणार?”

“दिसायला नकोच,” पाटीबाई ब्रश पुसत म्हणाली. “पण उद्या कुणी चुकीच्या जागी उतरलं, तर शिव्या कुणाला घालायच्या ते त्याला सापडलं पाहिजे.”