रुक्सानाचं नाक

रुक्साना गेल्याचा फोन आला तेव्हा मी राजारामपुरीत भाजी घेत होते. तिचा भाऊ एवढंच म्हणाला, "ताई, आपा गेली... हार्ट अटॅक." मी भाजीवालीशेजारीच बसले आणि रडले. त्यानंतर जो भेटला तो म्हणाला, बाई हुशार, पण भांडखोर. होतीच भांडखोर! आमच्या अपार्टमेंटातले पार्किंगसाठी भांडतात, ही सगळ्यांच्या पाण्यासाठी भांडायची.

कॉलेजात आम्ही एका बाकावर. पुढं मी शाळेत शिकवू लागले, ती पाणी शुद्धीकरण केंद्रात केमिस्ट झाली. उन्हाळ्यात नदीत शेवाळ माजलं की पाण्याला माशाळ वास यायचा. तिच्या साहेबांचा उपाय सोपा, क्लोरीन वाढवा. हिचं म्हणणं, त्यानं वासावर वास चढतो. आधी नदीच्या कच्च्या पाण्यात परमँगनेट, ते जांभळं औषध, घाला, त्याला वेळ द्या, ते वासाचं मूळच जाळतं, मग क्लोरीन. "सुले, वास झाकायचा न्हाय, मोडायचा," असं टेबलावर हात आपटून सांगायची. वास तपासायला रोज सकाळी केंद्रात कोमट पाण्याच्या बाटल्या हलवून चार-पाच जण हुंगायचे. त्यांनी आधी तंबाखू खायची नाही, गजरा माळायचा नाही, मिसळ तर नाहीच नाही. स्वतः अत्तरवाल्याची लेक, पण कामावर कधी अत्तराचा थेंब लावला नाही. एकदा साहेब पान खाऊन आले, तर त्यांनाही दाराबाहेर उभं केलं.

एका रंगपंचमीला मात्र घोटाळा झाला. नदीचं पाणी सुधारलं होतं आणि औषध कमी करायचं तिच्याकडून राहून गेलं. आमच्या नळाला गुलाबी पाणी! लोकांना वाटलं, तालमीच्या पोरांनी टाकीत रंग टाकला. शिव्या सुरू झाल्या. साहेब खूश, खापर परस्पर पोरांवर फुटलं. ही रिक्षानं थेट आमच्या चौकात आली आणि रंगानं माखलेल्या गर्दीत ओरडली, "पोरांना शिव्या देऊ नका. रंग त्यांचा न्हाय, आमचा हाय. औषध माझ्याकडनं जास्त पडलंय. आजचं पाणी पिऊ नका, सोडून द्या."

एक म्हातारा म्हणाला, "बाई, गप बसला असतासा तर कुणाला कळलं असतं?"

"मला कळलं असतं की!"

तेच निमित्त करून साहेबांनी औषध बंद करायला सांगितलं. तिनं नोटीस घेतली, बढती घालवली, पण ऐकलं नाही. "प्रमाण चुकलं. औषध चुकलं न्हाय," म्हणायची. शेवटच्या दिवसापर्यंत ते चालू ठेवलं. मला तिचा अभिमान होता, आहे.

परवा केंद्रात शोकसभा झाली. भाषणं छान झाली. नवे साहेब म्हणाले, मॅडमचं काम आम्ही पुढं नेऊ. मग मला बोलायला बोलावलं आणि पाण्याचा पेला पुढं केला. मी पिण्याआधी हुंगते, तिनं लावलेली खोड. हुंगलं... माशाळ वास, वर क्लोरीनचा भपका. घरीही चार दिवस तो येत होता, मला भास वाटला होता. पाणी देणारी तरुण केमिस्ट खाली बघत पुटपुटली, "मॅडम गेल्या नि परमँगनेट बंद केलं." लिहून आणलेलं भाषण मी पर्समध्ये कोंबलं आणि माइकवर म्हणाले, "पाण्याला वास येतोय."

साहेब कसनुसं हसले. "ताई, आज नको."

"आजच," मी म्हणाले आणि पेला पहिल्या रांगेत दिला. "हुंगा, आणि पुढं द्या."