फाईल बदलली, कमांड विसरलो, मॉनिटर फोडला

मंडळी, आज सकाळी पेणकरपाड्यातल्या आमच्या घरात मी मॉनिटरवर बुक्की मारली.

जुना कॉम्प्युटर, त्यावर लिनक्स. चालू करताना मेनू दिसायचा, पुढे 'आउट ऑफ रेंज' आणि नुसता काळोख. तीन दिवस रिकव्हरी मोडमधून ग्रबच्या, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या, फाईलमध्ये स्क्रीनचं रिझोल्यूशन बदलत होतो. फरक शून्य. आज डोकंच सटकलं. शिव्या घालत कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला लाथ घातली, मग मॉनिटरवर बुक्की. स्क्रीनचा कोपरा तडकला, बोटांतून रक्त आलं.

मागे काहीतरी फुटलं. आई चहा घेऊन आली होती. कप सोडून, दोन्ही हात डोक्यावर घेऊन ती भिंतीला चिकटली होती.

"अगं आई, तुला नाही मारत!"

"तुझे बाबा पण आधी टीव्हीलाच मारायचे," ती म्हणाली.

नंतर शांत बसून बघितलं. फाईल बरोबर होती, पण ते बदल लागू करणारी 'अपडेट-ग्रब' कमांड मी एकदाही दिली नव्हती. दिली, कॉम्प्युटर पुन्हा चालू केला. तडकलेल्या स्क्रीनवर सगळं नीट दिसलं.

आईने जखमेवर हळद लावली. पूर्ण वेळ तिची नजर माझ्या मुठीवरून हलत नव्हती.

तुम्ही वस्तूंवर हात उचलता तेव्हा मागे कोण उभं असतं?