पिवळी राहिलेली पट्टी

फोन आला तेव्हा मी तंबाखूत चुना मळत होतो. "मुरलीधर सर गेले. झोपेतच." तळहातावरची तंबाखू अंगणात सांडली. ती पुन्हा तोंडात टाकावीशी वाटली नाही... खरं तर काहीच वाटलं नाही.

परळीजवळच्या एका गावात आम्ही दोघं मास्तर. तो विज्ञान शिकवायचा, मी इतिहास. म्हणजे मला थापांचा पगार मिळायचा. आमची प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट आणि त्यात एक झुरळ, तेही माझ्यापेक्षा सेवाज्येष्ठ. लिटमस कुठला? मुरलीधर टीपकागद हळदीच्या पाण्यात बुडवायचा, वहिनींच्या लुगड्यांशेजारी दोरीवर वाळवायचा आणि पट्ट्या कापून खिशात ठेवायचा. आम्ल-आम्लारीचा धडा आला की भर वर्गातून मला हाक यायची. "सांगा सर, एखादी गोष्ट." मी सांगायचो, आमच्या आज्यानं बिबट्या औताला जुंपून अख्खं शिवार नांगरलं होतं. "काढ बे जीभ!" पट्टी टेकली की लालभडक. हशानं पत्रे उडायचे.

"थाप हाय! आता खरं कारण कोण सांगतं?"

"तंबाखूचा चुना, सर! चुना आम्लारी, हळदीला लाल करतो!"

मग लिंबू पिळून तो तीच पट्टी पुन्हा पिवळी करायचा आणि मला म्हणायचा, "ज्या दिवशी तुझ्या जिभेवर पिवळी राहील, त्या दिवशी बिबट्या मान्य."

मसणवाट्यात आम्ही मोजकेच होतो. निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं. बायका तिकडं जात नाहीत. तेराव्याची जेवणं उरकल्यावर वहिनींनी मला आत बोलावलं.

"भाऊजी, कुणी नीट सांगत न्हाई. यांना लई माणसं आलती का हो?"

मी म्हणालो, "अख्खी परळी लोटली होती, वहिनी. पुढचे चितेपाशी, तरी मागचे अजून शाळेपाशीच."

वहिनींनी खुंटीवरच्या मुरलीधरच्या सदऱ्याच्या खिशातून पट्टी काढली.

"काढा जीभ."

काढली. दोघंही बघत राहिलो... बातमी आल्यापासून चुना तोंडात गेलाच नव्हता. पट्टी पिवळीच राहिली.

"आलती म्हणजे," त्या म्हणाल्या आणि पट्टी परत खिशात ठेवली.

सदरा अजून त्याच खुंटीवर आहे. मी गेलो की वहिनी पुन्हा विचारतात, मी पुन्हा सांगतो. दर खेपेला गर्दी वाढते. माझी तंबाखूची डबी मात्र कोनाड्यात तशीच बंद आहे. न जाणो, वहिनी पट्टी काढायच्या.