यादीत नसलेलं गाणं

घाटंजीच्या बाजाराला जाणाऱ्या ऑटोत ती माझ्या शेजारी बसली होती. साठीची असावी, कापूस वेचून बोटांची टोकं चिरलेली. स्पीकरवर एका मुलीचं गाणं वाजत होतं, खाली धडधडणारा डीजे. मोबाइलमधल्या गाजलेल्या गाण्यांच्या यादीत किंवा रेडिओवर मी ते कधीच ऐकलं नव्हतं. ऑटोत मात्र सगळ्यांना पाठ होतं. शेजारची ती बाई तेवढी डोळे घट्ट मिटून होती.

तिला त्रास होतोय असं वाटून मी धीर केला. "दादा, आवाज थोडा कमी करता?"

"काहून ताई? सारा तालुका नाचून राह्यला यावर!" ड्रायव्हर म्हणाला.

तिने माझा हात धरला. "राहू दे, बाई. माह्या पोरीचा आवाज हाये. आमच्या तांड्यात नवरी सासरी जाताना गाऊनच रडते. तिच्या लग्नात कोणीतरी ते मोबाइलात घेतलं, मंग बाजा लावला."

"ती कुठे असते आता?"

"मेली, बाळंतपणात. रेडिओवाले हे लावत नाहीत, म्हणून दर बाजाराला याच्याच गाडीत बसतो."

समोरची माणसं टाळ्या वाजवत होती. इतका वेळ माझाही पाय त्याच तालावर हलत होता.