मटार सोलता सोलता ठरली कादंबरी

सगळ्यांच्या आधी कोण आलं असंल? किराणावाल्यांची शोभा! दरवेळी उशिरा येणारी, आज मंचरहून पयल्या एसटीनं आमच्या कळंबात हजर. मागनं बाकीच्या आल्या, पिशवीत दोन नव्या कादंबऱ्या घेऊन.

इंटरनेटवरच्या पोरींनो, आमच्या वाचन मंडळाची रीत अशी, की मटार सोलता सोलता दोन्हींचं पयलं पान ऐकायचं. जिच्यापायी हात थांबतील, ती घ्यायची. मागची कादंबरी मला बिलकूल कळली न्हवती, म्हणून आज कंची निघती, याकडं लई जीव लागून ऱ्हायला व्हता.

शोभा वाचाया बसली. जाड पुस्तक ऐकताना ढीगभर मटार निघाला. दुसऱ्यात एक बाई नवऱ्याला न सांगता टेम्पो शिकाया निघाली, आन् सगळ्यांचे हात थांबले!

"आजी, शेंग हातातच राहिली की!" शोभा हसली.

"मग वाच ना पुढं, बये!"

"आता नाही. रविवारी सगळ्या परत येतो."

बायांनो, रविवारपतुर मी दम कसा धरू?