बारा वर्षांचं मध्यंतर

रविवारी दुपारच्या प्रयोगाला गेले होते. नाटकातली थोरली बहीण मत्सरापोटी धाकटीला घराबाहेर काढते आणि त्या वणवणीत धाकटीचं मूल दगावतं. मध्यंतराचा पडदा पडला तेव्हा मी डोळे पुसत होते. शेजारच्या बाई म्हणाल्या, "रडू नका हो, शेवटी गोड होतं."

"कधी?"

"बारा वर्षांनी."

नाटकात ती बारा वर्षं पंधरा मिनिटांच्या मध्यंतरात सरणार होती. माझी धाकटी बहीण सुधा मात्र सदुसष्ट वर्षांची आहे. तिने बंगला बांधला ते मला पाहवलं नाही, वास्तुशांतीला मी मुद्दाम गेले नाही, आणि तेव्हापासून तीन वर्षं आम्ही बोललो नव्हतो. आपलं माणूस आपल्यासाठी थांबलेलं असेल, हे आपण कशाच्या भरवशावर धरून चालतो? बाहेर येऊन मी तिला फोन लावला.

पलीकडून घाबरलेला आवाज आला, "ताई? कोण गेलं गं?"

"कोणी नाही," मी म्हणाले. "चुकलं माझं, सुधा."

ती रडायला लागली. आत तिसरी घंटा झाली, पण मला फोन ठेवायची भीती वाटत होती.