पितळी हत्तीच्या पाठीवरचा दांडा

दिल्ली, नोएडा, गाझियाबाद आणि आसपासच्या समस्त डॉक्टरमंडळींना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येतं, की आता त्यांनी निर्धास्त झोपायला हरकत नाही. माझे अरविंदमामा दीड महिन्यापूर्वी वारले. शेवटच्या भेटीत, नाकात नळी असताना, नर्स त्यांना म्हणाली, "अंकल, अब सबको माफ़ कर दो, मन हल्का होगा." मामांनी डोळे उघडले. "एक को छोड़के," ते म्हणाले, आणि माझ्याकडे बघून हसले... तो एक कोण, हे मला पाठ होतं.

मामा गाझियाबादच्या एका फाउंड्रीत पितळी व्हॉल्व्ह ओतायचे. मी कॉलेजात असताना त्यांचं पोट बिघडलं, ते सुधरेचना. दिवसातून दहादा संडासला धावायचे आणि मागून कोणीतरी म्हणायचं, "लो, मेल छूटी." कारखान्याचे डॉक्टर मराठीच, आमच्या गणेशोत्सवात पहिल्या रांगेत बसणारे. नाव छापत नाही, मामांनी आयुष्यभर घेतलं तेवढं पुरे. ते कारखान्यात सगळ्यांदेखत म्हणाले, "अरविंदराव, रोग पोटात नाही, मनात आहे. कामाचा कंटाळा." आणि लिहून दिलं, हलकं काम द्यावं. हलकं काम म्हणजे हॅकसॉ, धातू कापायची हातकरवत. वितळलेलं पितळ ज्या वाटेने साच्यात ओततात, त्या वाटेतही ते गोठतं आणि मालाला चिकटून दांडा बाहेर येतो. त्याला स्प्रू म्हणतात. सात महिने मामा उभ्याने ते दांडे कापत होते. शेवटी मामीने त्यांना दिल्लीच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं, तपासण्या झाल्या आणि कागदावर आजाराचं नाव आलं, स्प्रू. म्हणजे आपली संग्रहणी. दोन शब्दांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, पण मामा कॉटवर पडल्या पडल्या खो-खो हसले. बरे झाल्यावर तो कागद त्यांनी डॉक्टरांपुढे ठेवला. "मोठ्या हॉस्पिटलात काहीतरी लिहावंच लागतं," डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून मामांना एकच हवं होतं: आपण नाटक करत नव्हतो, हे त्याच लोकांसमोर कबूल व्हावं.

त्यासाठी ते नऊ वर्षं थांबले. डॉक्टर निवृत्त झाले, कामगारांनी पितळी हत्ती भेट द्यायचं ठरवलं आणि ओतायचं काम आलं मामांकडे. निरोपाच्या कार्यक्रमाला मी मुद्दाम रजा काढून गेले होते. रुमाल दूर केला तर हत्ती टेबलावरच्या वाइसच्या लोखंडी जबड्यात आवळलेला, पाठीवर अंगठ्याएवढा जाड दांडा तसाच, शेजारी ताटात कुंकू लावलेला हॅकसॉ. मामा माइकवर अगदी गोड आवाजात म्हणाले, "डॉक्टरसाहेब, हा दांडा आपल्या हस्ते. मी आजारी असताना आपण मला हेच काम दिलं होतं. सात महिने." टाळ्या पडल्या, त्यामुळे डॉक्टरांना कोट काढावाच लागला. आधी पातं घसरलं, मग अडकलं. पाचव्या मिनिटाला शर्ट पाठीला चिकटला, दांडा अजून अर्धाही कापला नव्हता... मामा पाण्याचा ग्लास धरून शेजारी उभे होते, देत मात्र नव्हते. हॉलमध्ये फक्त पात्याचा आवाज.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून डॉक्टरांची बायको, जिला कार्यक्रमात कधी कोणी बोलताना ऐकलं नव्हतं, ती मोठ्याने बोलून गेली, "अहो, हे तुम्ही त्या आजारी माणसाकडून करवून घेतलंत?"